भाद्रपदातला द्राक्षांचा वास

वाल्मीकने दवाखान्याच्या लॅबमधल्या, जंतू वाढवायच्या इनक्युबेटरचं दार उघडलं आणि पुन्हा तोच वास आला. पिकलेल्या द्राक्षांचा, गोडसर, किंचित आंबट. भाद्रपद चालू होता. नाशिकच्या बाजारात द्राक्षाचा एक मणी दिसायलाही अजून चार-पाच महिने होते.

काचेची बशी काढून त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. तिच्यात औषधांच्या सहा चकत्या ठेवलेल्या होत्या. औषध लागू पडलं की चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि तिथे स्वच्छ कडं उमटतं. इथे एकाही चकतीला कडं नव्हतं. जंतूंची हिरवट साय सगळ्यांच्या काठाला जाऊन टेकली होती. एका चकतीवर तर चढू लागली होती.

दोन आठवड्यांतली ही तिसरी बशी. पहिली सुरगाण्याच्या सावळीराम गावितांची, दुसरी पुंजा आहेरांची. दोघंही सत्तरीपुढचे, दोघंही तापाने आलेले. रक्तातल्या जंतूंवर कोणतंच औषध चालत नाही, असा रिपोर्ट वाल्मीकनेच लिहिला होता. सावळीरामला मुलाने घरी नेलं. पुंजा वॉर्डातच गेला.

तिसऱ्या बशीवर लिहिलं होतं: कुसाबाई, खाट सात. ही त्याची आत्या. आईमागे तिनेच त्याला चांदवडला वाढवलं, कांद्याच्या जिवावर बी.एस्सी. केलं. खुब्याचं हाड मोडल्यावर वाल्मीकनेच हट्ट धरून तिला आपल्या दवाखान्यात आणलं होतं; इथे ताप आला म्हणून तिचं रक्त तपासायला घेतलं.

डॉक्टरांनी बशी पाहिली आणि चष्मा काढला.

"घरी ने तिला. सुया टोचून उगाच हाल करू नकोस."

"सर, दोन दिवस द्या. रक्त पुन्हा घेतो."

"दोन दिवसांनी वेगळं काय दिसणार आहे?" ते म्हणाले, पण नको म्हणाले नाहीत.

आत्या उशीला टेकून बसली होती. अंग कोमट, पण डोळे तरतरीत.

"आला का गोचीड!" शेजारच्या खाटेला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली. "माझं रगत पिऊन गाल कसे वर आलेत बघा. आता तरी याला पोरगी दाखवा कोणी."

शेजारीण हसली. वाल्मीकने आत्याचं मनगट धरलं आणि घड्याळाच्या काट्याकडे पाहत राहिला. मोजून झाल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. जिच्या रक्तात ते हिरवं वाढत होतं, तिची नाडी इतकी संथ लागायला नको होती.

वॉर्डातली जुनी आया भिमाबाई ट्रे घेऊन आली. कापसाचा बोळा करून तिने जंतुनाशकाच्या तपकिरी बाटलीचं बूच उपटलं, आणि खाटेभोवती द्राक्षांचा वास पसरला.

"थांबा मावशी." त्याने बाटली हातात घेतली. "ही कधी धुतली होती?"

"धुवायची कशाला? औषधच हाय की ते. औषधाला कोण धुतं?"

"आणि संपली की?"

"मी संपू देतच नाय," भिमाबाई अभिमानाने म्हणाली. "तळाला चार बोटं ऱ्हायली की वरून भरते. मिठाची बरणी कधी खडखडीत करू नये, तसंच हे. सहा वर्सं झाली, येकदा बी तळ दिसू दिला नाय."

वाल्मीकने बाटली तिरकी केली. तळाशी काहीतरी बुळबुळीत सावकाश सरकलं. ज्याने मरायचं, त्याच्यातच ते सहा वर्षं राहत होतं. दर वेळी वरून नवं ओतलं जाई, आणि तळाशी उरलेलं त्यालाही सरावत जाई.

बाटली घेऊन तो लॅबमध्ये गेला. तिच्यातला एक थेंब त्याने नव्या बशीत टाकला. मग लॅबमधलं टिंक्चर आयोडीन नेऊन आत्याच्या दुसऱ्या हाताला चोळलं आणि रक्त घेऊन जंतू वाढवायच्या द्रावाच्या बाटलीत घातलं. पुढचे दोन दिवस तो जेवायला बसे आणि अर्ध्या ताटावरून उठे.

तिसऱ्या दिवशी सकाळी थेंबाची बशी हिरवीगार झाली होती. आत्याच्या रक्ताच्या बाटलीतला द्राव मात्र नितळच होता, त्यात काहीच वाढलं नव्हतं. त्याने बाटली हलवली, खिडकीशी धरली, पुन्हा हलवली. मग भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

जंतू आत्याच्या रक्तात नव्हतेच. ते बोळ्यावर होते. कातडीवरून जाताना सुईच त्यांना उचलून रक्ताच्या बाटलीत आणत होती. पुंजाच्या रक्तात ते खरोखर होते, की सलाइनच्या सुईवाटे इथेच शिरले, हे आता कोणालाच कळणार नव्हतं.

त्याने एक पोस्टकार्ड काढलं. 'मु. सुरगाणा' एवढं लिहून होतंय, तोच दारात कोणीतरी खाकरलं. सावळीरामचा मुलगा जयराम होता. टोपी हातात, पायांना चिखल.

"साहेब, सकाळच्या जीपनं आलो. येक इचारायचं व्हतं." तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "बाबा आजून हाय."

वाल्मीकचं पेन थांबलं.

"आठ दिस भाऊबंद जमलेत. बहिणी आल्यात. भाताची निंदणी खोळंबली. तुमच्या कागदात लिवलं व्हतं ना, कायच चालत नाय, म्हून गोळ्या बंद केल्या. पण तो उठून बसतो. येकेकाला नावानं हाक मारतो. ताप बी नाय." जयराम ओशाळला. "आजून किती दिस, तेवढं सांगा."

"त्यांना खायला काय देता?"

"पयले पेज देत व्हतो. परवापासून निस्तं पाणी. म्हातारी मानसं म्हनतात, इझताना दिवा मोठा व्हतो. जानाऱ्याला घासात अडकवू नये."

वाल्मीक उठला तसं मागचं स्टूल आडवं झालं.

"परतीची जीप कधी आहे?"

"भरली की निघते."

"मी येतो तुमच्याबरोबर. मी लिहिलं ते चुकीचं होतं. तुमच्या वडिलांच्या रक्तात काही नाही. त्यांना जेवायला घाला. ऐकलंत का? जेवायला घाला त्यांना."

 जयरामने हातातल्या टोपीची हळूहळू घडी घातली, पुन्हा उलगडली.

"काल सांजपतुर भाकर मागत व्हता," तो म्हणाला. "आज नाय मागितली."