गुळाचा खडा

भागोजीला लहानपण फार होतं. म्हणजे गिरणगावातल्या त्याच्या खोलीवाल्यांना तरी तसंच वाटायचं, कारण तीस वर्षं हा माणूस रोज जेवणं झाली की तेच घेऊन बसायचा. पहाटे आमच्या पडवीत वायन वाजायचं, इथून सुरुवात. वायन म्हणजे जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. आई उभी राहून मुसळाने भात सडायची आणि थोरली बहीण कमळा शेजारी बसून बाहेर उडालेलं भात हाताने आत सारायची. त्या आवाजाने याला जाग यायची, मग ऊन ऊन पेज, भाजलेल्या बांगड्याचा तुकडा, आणि सगळ्यात शेवटी गुळाच्या खड्याची गोष्ट. सहा वर्षांचा असताना भागोजीने हट्टाने मुसळ उचललं, तेव्हा आईने डब्यातला गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्या काळात गूळ सणालाच दिसायचा. एवढ्याशा पोराने मुसळ उचललं याचं आईला केवढं कौतुक, असं म्हणून तो सगळ्यांकडे बघायचा. खोलीवाल्यांना ही गोष्ट तोंडपाठ झाली होती.

संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. बायको त्याआधीच वारली होती आणि मुलगा डोंबिवलीला सासऱ्यांच्या शेजारी राहायला गेला. शेवटी चौऱ्याऐंशीचा शिमगा झाल्यावर भागोजी हातखंब्याजवळच्या आपल्या गावी परतला आणि आईच्या मागे बंद पडलेलं घर त्याने उघडलं. वायन होतं तिथेच होतं, फक्त वाळवीच्या मातीने भरलेलं. त्याने ते साफ केलं. आठ दिवस स्वतःच्या हाताने भात शिजवून पाहिला, तो एक तर कच्चा राहायचा नाहीतर करपायचा. नवव्या दिवशी त्याने ठरवलं, की कमळाला घरी आणायचं. हे आपण पोटासाठी करत नाही, दोघं भावंडं पुन्हा एका छपराखाली येऊ म्हणून करतो, अशी त्याने स्वतःची समजूत काढली आणि ती त्याला पटलीसुद्धा.

कमळा रत्नागिरीत कोळंबी सोलायच्या कारखान्यात कामाला होती. नवरा गेल्याला बारा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती एका खोलीत एकटीच राहायची. रविवारी भागोजी दारात जाऊन उभा राहिला तेव्हा ती खुर्चीवर बसून रेडिओ ऐकत चहा पीत होती. बहिणीला असं बसलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो क्षणभर गोंधळलाच.

"भागू? कवा आलंस? किती वाळलंयस रं!" ती लगबगीने उठली आणि भागोजी तिच्या खुर्चीवर बसला. तिने स्टोव्ह पेटवून भाकरी थापायला घेतली.

"बाय, घरी चल," तो म्हणाला. "आपुन पयल्यासारखा ऱ्हाऊ. वायन साफ केलाय मी. तुला आठवता ना, मी मुसळ उचलला तवा आयेन मला गूळ दिलानता?"

"आठवता," कमळा म्हणाली. मग तिने पिठाचा उजवा हात त्याच्यासमोर धरला. मधली दोन बोटं पेरांतून वाकडी होती आणि त्यांना नखं नव्हती. भागोजीने ती लहानपणापासून पाहिलेली. बहिणीची बोटं तशीच असतात, यात विचारायचं काय, असं त्याला वाटत आलं होतं.

"मी भात सारत व्हते," ती म्हणाली. "आये नको नको म्हनत व्हती, तू ऐकलं न्हाईस. मुसळ पडला तो माज्या हातावर. रगत बघून तू भोकाड पसरलंस, काय केल्या गप बसंनास. म्हनून आयेन तुला गूळ दिलान."

"आन तुला?"

"मला हळद-चुना लावलान." तिने भाकरी उलटली. "पुढं दोन जागची मानसं हात बघून माघारी गेली. मग बिजवराला दिली मला."

"मला कुनी बोललं कसा न्हाय?"

"आयेन शपथ घातलानती. पोराच्या मनाला लागंल म्हनली."

भागोजीची मान वर होईना. तीस वर्षं तो ही गोष्ट चवीने सांगत आला होता. लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ताटातली भाकरी मात्र तो खात राहिला. एक संपली, दुसरी संपली, तिसरी तिने न विचारताच वाढली.

"हितं माजा बरा चाललाय, भागू," कमळा खाली बघत म्हणाली. "शेजारची सकिना हाय. रविवारी आमी दोघी पिच्चरला जातो. कुनाला इचारावा लागत न्हाय."

ती नाही म्हणतेय हे ऐकून भागोजीला उलट सुटल्यासारखं वाटलं. पण कमळा त्याच्या गळ्याशी वर आलेल्या हाडांकडे बघत होती.

"आयेन जाताना शब्द घेतलान माज्याकडनं," ती म्हणाली. "भागूला बघ म्हनून." आणि तिने खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली.

आता बोलायला हवं, हे भागोजीला स्वच्छ कळत होतं. बाय, तू नको येऊस, हितंच ऱ्हा, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण गावची थंड चूल त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि त्याने पाणी मागून घेतलं. कमळा एकेक लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवत होती. सकिनाकडे ती किल्ली द्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

निदान ट्रंक तरी आपण घ्यावी म्हणून भागोजीने ती उचलली. एसटी स्टँडच्या रस्त्याला लागून वीस पावलंही झाली नसतील, तो त्याला धाप लागली.

"दे हिकडं, पाठ धरंल तुजी," कमळा म्हणाली. तिने एका फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

भागोजीने ट्रंक तिच्या डोक्यावर चढवली आणि रिकाम्या हातांनी तो तिच्या मागून चालू लागला.