वाळूतल्या माणसांपुढून जाताना

मित्रांनो, मी एक जुनी वाळूची पेटी आहे. पेटी म्हटलं की तुम्हाला झाकण आठवेल, कडीकोयंडा आठवेल. माझ्याकडे त्यातलं काही नाही. मी उघडी, उथळ, आणि पोटात समुद्रकाठची पांढरी वाळू. पाय मात्र आहेत, चांगले जाडजूड. त्या पायांची गंमत आधी सांगते.

सामोआच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात पेनिआमिना नावाचा म्हातारा सुतार होता. गावच्या बैठकीत कावा नावाचं मुळ्यांचं पेय घोळायला जे लाकडी भांडं लागतं, ते घडवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या भांड्यांना पाय असतात. चर्चशेजारच्या सभागृहात मुलांसाठी खेळघर निघणार होतं. तिथून त्याला निरोप आला की एक चौकोनी पेटी कर, पाय नकोत. म्हातारा म्हणाला, "बिनपायाचं भांडं माझ्या हातून जन्मात झालं नाही, आता काय होतंय!" आणि त्याने मला पाय दिलेच. तळाला निळा रंग हवा होता, म्हणजे वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसेल. तो रंग त्याने होडीसाठी आणलेल्या डब्यातून फासला.

त्याची बायको म्हणाली, "होडी बसली बोडकी, आणि यांनी पेटीच्या पोटात समुद्र भरलाय."

मला ते ऐकून फार बरं वाटलं. पोटात समुद्र असलेली पेटी काही जागोजाग सापडत नाही.

खेळघरात मुलांच्या आधी मोठी माणसं आली. मुलांचं मन खेळातून कसं ओळखावं, त्यांच्या दुःखाला सोबत कशी करावी, हे शिकायला शिक्षिका, नर्सा, पाद्रीबाबांची बायको असा सगळा मेळा चटईवर मांडी घालून बसला. शिकवायला ब्रिस्बेनहून मॅरियनबाई आल्या होत्या. त्यांचं एकच पालुपद असे. "मुलाला शब्द सापडत नाहीत तेव्हा ते खेळण्यांनी बोलतं. तुम्ही नुसते सोबत बसा. त्याने नाव दिल्याशिवाय कशाला नाव देऊ नका, आणि आपल्या मनचं मधे घुसडू नका."

हे सगळ्यात जड गेलं सेफिनाला. ती गावच्या शाळेत पहिलीची बाई. सरावासाठी एखादी जोडीदारीण लहान मूल होऊन माझ्यात घर मांडायला लागली की सेफिना लगेच म्हणायची, "अगं, दार समुद्राकडे ठेव."

"सेफिना, घर तुझं आहे का?" मॅरियनबाई विचारत.

"मग काय तोंडाला कुलूप लावून बसू? वर्गात मी गप्प बसले, तर पोरं माझ्या डोक्यावर मिरे वाटतील."

सगळे हसायचे, तीही हसायची. पण बाई जिद्दीची. हळूहळू ती जिभेला लगाम घालायला शिकली.

मग लुपे नावाची एक लहान मुलगी आली. लुपे म्हणजे आमच्याकडे कबूतर. तिला आजी-आजोबांनीच वाढवलं होतं. आदल्या वर्षी पांढऱ्या रविवारी एक वाईट गोष्ट घडली. त्या रविवारी गावातली मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये सगळ्यांपुढे पाठ म्हणतात, आणि घरी मोठी माणसं मुलांना आधी वाढतात. लुपेचा पाठ आजीने चांगला घोटून घेतला होता. लुपे पुढे गेली, अर्ध्यावर आली, आणि पहिल्या बाकावरची आजी कोसळली. ती पुन्हा उठली नाही. तेव्हापासून लुपेच्या तोंडून शब्द नाही.

ऑकलंडहून आत्याचे फोन येत. "बाबा, यंदाच्या पांढऱ्या रविवारला मी येतेय. तोवर बोलली तर ठीक, नाहीतर तिला इकडे घेऊन जाते. इथे मोठे डॉक्टर आहेत." आत्या दुष्ट नव्हती, काळजीनेच बोलत होती. पण आजोबांना, आउकुसोंना, घास गोड लागेना.

"ही पण गेली तर मी कुणाशी बोलू?" ते सेफिनाला म्हणाले. "भिंतींशी बोलावं, तर आमच्या नुसत्या खांबांवरच्या उघड्या घराला त्याही नाहीत."

लुपे माझ्यापाशी यायची आणि दर वेळी एकच डाव मांडायची. मातीची माणसं गोल बसवायची. एकीला आडवं निजवून वर पान पांघरायची. मग एक छोटी बाहुली त्यांच्यापुढे उभी करायची आणि दाबत दाबत पार खाली न्यायची. ती थेट माझ्या निळ्या तळाला टेकायची. सेफिना एवढंच म्हणायची, "खाली गेली. आता कुणालाच दिसत नाही." लुपे मान हलवायची आणि निघून जायची. असे कितीतरी आठवडे गेले.

आमच्याकडे एक रीत आहे. बसलेल्या माणसांपुढून जायचं असेल, किंवा त्यांच्या डोक्यावरून हात न्यायचा असेल, तर वाकून 'तुलोऊ' म्हणायचं. म्हणजे माफ करा, वाट द्या. एके दिवशी लुपेने पलीकडच्या शिंपल्यांच्या टोपलीकडे बोट केलं. सेफिनाने टोपली उचलली आणि माझ्यावरून हात पुढे केला. खाली मातीची माणसं गोल बसलेली. तिची पाठ आपोआप वाकली आणि तोंडून निघून गेलं, "तुलोऊ."

लगेच तिने जीभ चावली. आपल्या मनचं मधे घुसडलंच शेवटी!

लुपेचा हात मात्र थांबला होता. तिने बसलेल्या माणसांकडे पाहिलं, मग सेफिनाकडे पाहिलं. वाळूत हात घालून तिने पुरलेली बाहुली वर काढली, तोंडावरची वाळू फुंकली, आणि तिला वाकवून सगळ्यांपुढून चालवत नेलं.

"तुलोऊ," लुपे म्हणाली. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा.

सेफिनाचे डोळे भरून आले, पण आवाज तिने सांभाळला. "तिने वाट मागितली."

"चर्चमध्ये नाही मागितली." आता शब्द अडखळत का होईना, येत होते. "मी पळत गेले. आजीपुढून. तुलोऊ म्हणायला विसरले. म्हणून आजी पडली."

वेडी आहेस का, असं कुठे असतं का! हे सेफिनाच्या अगदी ओठांवर आलेलं मला दिसलं. ते तिने गिळलं.

"तुला वाटतंय, तू विसरलीस म्हणून आजी पडली. आणि एवढं ओझं तू एकटीने वाहिलंस."

तेव्हा लुपे रडली, हमसून हमसून. माझी वाळू ओली झाली, होऊ दे. थोड्या वेळाने सेफिनाने विचारलं, "आजोबांना सांगूया?" लुपेने होकाराची मान हलवली.

आउकुसो आले, चटईवर बसले, आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाळा, आजीचं काळीज आधीपासून दुखणाईत होतं. तू लहान, म्हणून तुला कुणी सांगितलं नाही. आणि तुलोऊचं म्हणशील, तर तू पुढून पळालीस ना, तेव्हा तिने मला कोपर मारलं. म्हणाली, बघा, माझं कबूतर कसं उडालं. रागावली नव्हती गं. हसत होती."

लुपेने आडवी बाहुली उचलली, पान बाजूला ठेवलं आणि तिला इतरांत बसवलं.

त्या संध्याकाळी सेफिना मॅरियनबाईंना म्हणाली, "मी मधे बोलले. चूक झाली."

मॅरियनबाई म्हणाल्या, "आमच्याकडे बाहुल्यांना कुणी वाट मागत नाही. मला हे सुचलंच नसतं."

पांढऱ्या रविवारी मी अर्थातच चर्चमध्ये नव्हते. पण नंतर खेळघरात महिनाभर तोच विषय होता. लुपे प्रत्येक बाकापुढून वाकून, तुलोऊ म्हणत गेली. पहिल्या बाकावर आजीची जागा मोकळी होती, तिथे जास्त वाकली. मग पुढे जाऊन पूर्ण पाठ म्हणाली. आत्या ओक्साबोक्शी रडली आणि एकटीच ऑकलंडला परतली.

पुढे माझेही दिवस फिरले. वादळात सभागृहाचं छप्पर उडालं आणि मला पडवीत टाकलं. माझ्यात कोंबडीने अंडी घातली, तीही वाट न मागता! एक पाय मोडला, आणि तो बसवायला पेनिआमिना उरला नव्हता. सेफिनानेच मला शोधून काढलं, घासूनपुसून पायाच्या जागी वीट लावली. आता नव्यांना तीच शिकवते. मॅरियनबाईंचे सगळे नियम सांगते, आणि मुलाच्या डावावरून हात नेण्याआधी प्रत्येकाला तुलोऊ म्हणायला लावते.

मित्रांनो, मी किती दिवसांची सोबती, ठाऊक नाही. एक मागणं मागते. तुमचं धाकटं भावंड जमिनीवर काहीतरी मांडून बसलं असेल. तुम्हाला तो पसारा वाटेल. पायाने सारू नका, ओलांडूही नका. जरा वाका, वाट मागा. कोण जाणे, तिथे कुणाची तरी आजी बसलेली असेल.