ओठांवरचं ग्लिसरीन

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचं गिळणंच गेलं. नळीतून जाईल तेवढंच. तोंडात थेंब गेला तरी छातीत उतरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बोलता येत नव्हतं, तरी बाबा ओठ हलवायचे. ते पाणी मागतायत हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता.

धाकटा मुलगा आला तो ग्लिसरीनची बाटली घेऊनच. कित्येक वर्षं घराकडे फिरकला नव्हता, आता मात्र खाटेला चिकटून बसला. घटकाघटकाला बोट बुडवायचं आणि बाबांच्या ओठांवर जाड थर द्यायचा.

"बघ ताई, कसे चमकतायत."

चमकत होते खरे. पण ताईची उभी हयात क्रीमच्या कारखान्यात, मिश्रणाच्या टाकीशी गेली होती. ग्लिसरीन बिचारं गुणाचं, पण त्याच्याजवळ स्वतःचं पाणी नसतं. मिळेल तिथून ते ओढून धरतं, बस. हवेत ओल असली तर हवेतून घेतं. हॉस्पिटलच्या या खोलीत एसी सतत घरघरत होता, हवा कोरडी ठाक. मग ते पाणी आणणार कुठून? कातडीच्या आतूनच. म्हणून तर कारखान्यात ते कधी नुसतं वापरत नाहीत, पाण्यात मिसळून घालतात. इथे बाबांच्या ओठांना भेगा पडल्या, रक्त आलं, तसा धाकटा आणखी थापायला लागला.

"अरे, जरा बेतानं लाव," ती म्हणाली.

"एवढं तरी करू दे गं मला."

त्याचा चेहरा असा पडला की तिची जीभच रेटेना. एरवी ती कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली बाई नव्हे.

तिने नर्सला विचारलं. घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाने ओठ टिपायला हरकत नाही, असं नर्स म्हणाली. मग धाकटा चहाला गेला की ताई ओठ टिपून ठेवायची. त्यावर त्याचं ग्लिसरीन बसलं की ती ओल टिकून राहायची. भेगा हळूहळू मिटायला लागल्या.

"माझ्या हाताला गुण आहे बघ," धाकटा हरखून म्हणाला.

"आहे ना," ताई म्हणाली.

एक दिवस तो चहाहून लवकर परतला आणि त्याने तिच्या हातात ओलं कापड पाहिलं. त्यानंतर बाबांची छाती भरली. या आजारात स्वतःची लाळही आत उतरते, असं डॉक्टर म्हणाले. ते कोण ऐकतंय?

बाबा गेले. व्हरांड्यात नातेवाईक जमले, तसा धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला, "मी ओठ जपत होतो, आणि हिने चोरून पाणी पाजलं. हिनेच मारलं बाबांना."

"खरं का गं?" आत्याने विचारलं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नर्स पलीकडेच उभी होती, एक हाक पुरली असती. एसी, भेगा, रक्त, सगळं जिभेवर आलं होतं. पण धाकटा हुंदके देत होता. ते रक्त आपल्या हाताने काढलं हे त्याला कळलं, तर हा पुढे जगणार कसा? बापासाठी आयुष्यात केलेलं एवढंच तर त्याच्यापाशी होतं.

"हो," ती म्हणाली. "बाबा मागत होते. मला राहवलं नाही."

आत्या ताईपासून बाजूला सरकली आणि आत्याने धाकट्याला जवळ घेतलं.