आडव्या ठेवायच्या बाटल्या

"वास घे," पुनमशेठ म्हणाले आणि त्यांनी बाटली हिंगोलीतल्या आपल्या दुकानाच्या काउंटरवरून देविदासच्या पुढ्यात सरकवली.

वास घ्यायची गरजच नव्हती. बूच इतकं वाळलं होतं की नुसतं बोट लावताच बाटलीच्या तोंडात गरगर फिरलं. तरी देविदासने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला ग्लास काढला, दोन घोट ओतले, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. लोणच्यात घालावी इतकी आंबट झाली होती.

"कोणी वापस आणली?"

"बँकेतल्या सायबानं. बायकोच्या वाढदिवसाला नेली व्हती. मला म्हणला, शेठ, तुमी वाइन विकता का सिरका? या महिन्यातली ही सहावी हाय."

देविदास राठोडने ग्लास पुसून पुन्हा फडक्यात गुंडाळला. नाशिककडच्या एका लहानशा वायनरीचा तो विक्री प्रतिनिधी. परभणी, हिंगोली आणि वाशीम हे त्याचे तीन जिल्हे. या मुलखात वाइन विकणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. दुकानावर पाटी वाइन शॉपची आणि आत औषधालाही वाइन नाही. एकेक मागणारा येतो तो वर्षातून एकदा, हृदयाला बरी असते असं कुणीतरी सांगितलं म्हणून, आणि त्यालाही ती सरबतासारखी गोड हवी असते. मध्यंतरी किराण्याच्या मोठ्या दुकानांतून वाइन मिळणार अशी हवा उठली होती. कंपनीत पेढे वाटले गेले, बाहेर आरडाओरडा झाला, विषय बारगळला आणि टाक्यांतली वाइन टाक्यांतच राहिली.

टाक्या भरलेल्या राहिल्या म्हणून तर देविदास इथे होता. आधी नऊ वर्षं तो त्याच वायनरीत टाक्यांवर कामाला होता. हिंगोलीच्या कॉलेजात बीएस्सी, मग तिकडे जाऊन वाइन बनवण्याचा वर्षाचा कोर्स. गोरेगावजवळच्या त्याच्या तांड्यावरून असल्या शिक्षणाला गेलेला तो पहिला, आणि पुढचं रामायण बघून दुसरा कुणी गेला नाही. रत्नपाल नावाच्या जुन्या कामगाराने त्याला हाताखाली घेऊन शिकवलं. टाकीला कान लावून आत रस आंबत कुठवर आला ते ओळखायलाही शिकवलं. तिथे देविदास सुखात होता. पण दोन वर्षांपूर्वी कंपनीने द्राक्षं घेणं निम्म्यावर आणलं, माणसं निम्मी केली आणि उरलेल्या देविदासला सांगितलं, तुमचा मुलूख आहे, तिकडे जाऊन विका. नाही म्हणायची सोय नव्हती.

त्याने मान वर करून शोकेसकडे पाहिलं. पश्चिमेला तोंड करून असलेलं काचेचं कपाट, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि आत त्याच्या कंपनीच्या बारा बाटल्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या उभ्या.

"शेठ, पुन्हा उभ्या?"

शेठने पंख्याकडे बघितलं.

बूच ओलं असलं की फुगून घट्ट बसतं. बाटली उभी ठेवली की ते वाळतं, आकसतं, हवा आत शिरते आणि वाइनची वाट लागते. हे सांगून सांगून देविदासची जीभ दुखली होती. शेठ मान डोलवायचे. देविदास स्वतः बाटल्या आडव्या करायचा, मोबाइलवर फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकायचा, वरून अंगठा यायचा आणि तो पुढच्या गावाला निघायचा. पंधरा दिवसांनी बघावं तर बाटल्या उभ्या, आणि फळीवरच्या धुळीत त्यांच्या बुडांचे स्वच्छ गोल. मधले पंधराही दिवस त्या उभ्याच होत्या हे आंधळ्यालाही कळलं असतं. देविदासला कळत होतं. पण फोटो गेलेला असायचा आणि अंगठा आलेला असायचा.

बुचाऐवजी फिरकीचं झाकण द्या, असं त्याने कंपनीला दोनदा लिहिलं होतं. झाकणाने माल स्वस्त दिसतो, असं उत्तर आलं होतं.

"शेठ, आज दुपारी रणजीतसर येऊन राहिले," तो म्हणाला. "हिंगोली चालू ठेवायची का बंद करायची ते आजच ठरणार हाय. परभणी-वाशीमला तर खपच न्हाई, हिंगोली गेली तर मी बी गेलो. आता तरी सांगा, काहून उभ्या करता?"

शेठ गल्ल्यावरून उठून जवळ आले.

"गोरेगावला माझं देशीचं दुकान व्हतं, तुला ठावं हाय. सात साल झाले. बायांनी मतदान मागितलं. सरकारी मानसं पेटी घेऊन आली. चिठ्ठीवर दोन चित्रं. दुकान ऱ्हाऊ द्यायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी. सांजच्याला मोजून राहिले, तर आडवी, आडवी, आडवी. बापाच्या काळचं दुकान. दुसऱ्या दिशी कुलूप लागलं." त्यांनी घसा खाकरला. "आता या वार्डात बी बाया सह्या गोळा करून राहिल्या. आन तू म्हणतो, रस्त्यावरून दिसतील अशा बारा बाटल्या आडव्या टाका. माझा हातच होत न्हाई."

"मंग दोन वर्षं हे मला काहून न्हाई सांगितलं?"

"कसं सांगू? त्या बायांत मोऱ्हं कोण व्हतं? नानीबाई. तुझी माय."

देविदासला ते ठाऊक होतं. शाळेत जाणाऱ्या पोरींची वाट त्या दुकानावरून जायची, म्हणून त्याची आई घरोघर फिरली होती. तो तेव्हा नाशिककडे होता आणि 'शाबास याडी' असं आईला फोनवर म्हणालाही होता. त्या चिठ्ठीवरचं चित्र सात वर्षांनी आपल्याच मुळावर येईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याला हसूही येईना आणि चिडायचं तर कुणावर तेही कळेना.

"दोन घंटे," शेठ शेवटी म्हणाले. "तुझा सायेब जाईस्तोर आडव्या ठेव. मंग मी उभ्या करणार."

देविदासने बाटल्या आडव्या केल्या आणि फळीवरची धूळ रुमालाने पुसून टाकली.

रणजीतसर दोनच्या सुमारास आले. देविदासपेक्षा सहासात वर्षांनी लहान, नांदेडहून गारगार गाडीत बसून आलेले, तरी घामाघूम. त्यांनी शोकेस बघितलं, मोबाइलवरचे जुने फोटो बघितले आणि देविदासच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्ही उगाच घाबरला होतात. तुमचं काम चोख आहे. दोन वर्षांचे फोटो आहेत, एकातही बाटली उभी नाही. म्हणजे दोष साठवणुकीचा नाही, मालाचा आहे. ही बॅच रत्नपालची ना?"

"हो सर."

"झालं तर. वायनरीत तसंही एक माणूस कमी करायचंच आहे. आता कारणही मिळालं." त्यांनी बॅगेतून कागद काढला. "बाटल्या नियमाप्रमाणे आडव्याच ठेवलेल्या होत्या, एवढंच यात लिहिलंय. सही करा. हिंगोली राहील, तुम्हीही राहाल."

देविदासने कागद हातात घेतला. एका ओळीचं काम होतं. सही केली की कटकट मिटणार होती, आणि रत्नपालला कधी कळणारही नव्हतं. बावन्न वर्षांचा माणूस, टाक्यांशिवाय दुसरं काही येत नाही. आपली नोकरी गेली तर आपल्याला शेत आहे, त्याला काय आहे? आणि शेतात तरी असं काय पिकून राहिलं आहे? दोन्ही विचार एकदमच आले आणि देविदासला स्वतःचीच चीड आली.

"एक मिनिट सर," तो म्हणाला आणि मागच्या खोलीत गेला.

ती खोली जुन्या दगडी बांधकामाची, दिवसाही थंड. बिअरच्या क्रेटांमागे त्याच बॅचचं एक खोकं होतं. दुकानातल्या माणसांनी वरच्या फळीला हात पुरावा म्हणून ते पाय ठेवायला आडवं पाडलं होतं, आणि ते तसंच कित्येक महिने पडून होतं. देविदासने ते फोडलं, एक बाटली काढली, बूच ओढलं. ओलं, फुगलेलं, बुडाशी जांभळं झालेलं. ग्लासात ओतून त्याने वास घेतला आणि उभ्या उभ्या डोळे मिटले. वाइन ठणठणीत होती. रत्नपालचं काम होतं, ठणठणीतच असणार.

त्याने ग्लास बाहेर आणून रणजीतसरांसमोर ठेवला.

"हीच बॅच आहे सर. खोकं आडवं पडलं होतं म्हणून टिकली."

सरांनी वास घेतला. त्यांनाही कळलं, तेवढं त्यांना नक्कीच कळत होतं.

"मग त्या सहा बाटल्या?"

"त्या उभ्या होत्या. दोन वर्षं उभ्याच होत्या. मी फोटोपुरत्या आडव्या करत होतो. आजही तुम्ही येणार म्हणून केल्या."

रणजीतसर दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "देविदास, हे मी ऐकलं नाही असं समजतो. सही करा."

"न्हाई जमायचं सर."

"सायेब," पुनमशेठ मध्येच म्हणाले, "याची चूक न्हाई. आडव्या मीच ठेवू देत नव्हतो."

"शेठ, तुम्ही आमचे ग्राहक आहात, तुमचं काही म्हणणं नाही." सरांनी कागद परत बॅगेत ठेवला. आता त्यांचा आवाज चढला होता. "खोटे फोटो पाठवलेत तुम्ही. दोन वर्षं. मला हे तसंच लिहावं लागेल. हिंगोली बंद, आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका. एका सहीत सगळं निभत होतं हो."

कंपनीची पिशवी, माहितीपत्रकं आणि ओळखपत्र देविदासने तिथेच काउंटरवर ठेवलं. उघडलेल्या बाटलीचं काय करायचं, असं विचारलं तेव्हा सर गाडीत बसता बसता म्हणाले, "न्या तुम्हीच. उघडलेल्या बाटलीचा आता काय उपयोग." देविदासने बूच घट्ट दाबलं, टॉवेल भिजवून बाटलीभोवती गुंडाळला आणि मोटारसायकल गोरेगावच्या रस्त्याला लावली.

तांड्यापर्यंत त्याच्या डोक्यात नुसती खदखद चालली होती. झाकण न देणाऱ्या कंपनीचा राग, चित्राला भिणाऱ्या शेठचा राग, सरांच्या त्या 'निभत होतं हो'चा राग. सगळ्यांत जास्त राग त्या अंगठ्यांचा येत होता, कारण प्रत्येक अंगठ्याला आपण मनातून खूश झालो होतो. फोटो काढण्याऐवजी एकदा जरी शेठजवळ अर्धा तास बसलो असतो आणि कारण विचारलं असतं, तर बाटल्या मागच्या थंड खोलीत आडव्या ठेवता आल्या असत्या. कुणाला दिसल्याही नसत्या. एवढी साधी गोष्ट दोन वर्षांत सुचली नाही.

नानीबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. घरात मायलेक गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत बोलत. लेक दिवसाढवळ्या आलेला बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"आज लवकर?"

"नोकरी गेली, याडी."

तिने काही विचारायच्या आत त्याचा फोन वाजला. रत्नपाल होता.

"नऊ वर्षं माझ्याजवळ राहिलास ना रे तू?" तिकडून आवाज आला, इतका मोठा की नानीबाईलाही ऐकू जावा. "बाटली आडवी ठेवायची असते एवढंही तुला कळलं नाही? इकडे माझ्या नावाने चौकशी लावली होती. आठ दिवस जेवण गेलं नाही. आत्ता रणजीतचा फोन आला, मिटलं म्हणाला. कुठल्या गाढवाने उभ्या ठेवल्या विचारलं, तर तुझं नाव घेतलं त्याने."

"चुकलं दादा."

"चुकलं काय चुकलं. मी चांगला माल दिला होता तुला."

"चांगलाच होता, दादा."

"मग घातलीस ना माती त्यात?" रत्नपाल म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

देविदास फोनकडे बघत बसला. सांगायला खूप होतं, पण त्यातलं काही सांगितलं असतं तर रत्नपालला पुन्हा आठ दिवस जेवण गेलं नसतं.

"कोण व्हता?" नानीबाईने विचारलं.

"ज्यानं ही केली तो." त्याने टॉवेलकडे बोट दाखवलं.

"शिव्या देऊन राहिला आन तू आयकून घेतल्या."

"बराबर हाय त्याचं."

"त्याची नोकरी ऱ्हायली का?"

"ऱ्हायली."

नानीबाईने टॉवेल उलगडला. असली वस्तू तिने उभ्या जन्मात उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. तीस वर्षं तिने गोरेगावात घरोघर दूध घातलं होतं. दुसऱ्या कुणाची बरणी हातात आली की आधी तोंडाशी नाक नेऊन, ही काल घासली की परवा, ते सांगायची. तिने बूच काढलं, बाटली नाकाशी नेली. लांब केली. मग पुन्हा नेली आणि या खेपेला बराच वेळ धरली.

"भांडी लई चांगली घासतो मानूस," ती म्हणाली.

देविदासने मान हलवली. नानीबाईने बूच अंगठ्याने दाबून बसवलं, टॉवेल परत गुंडाळला, तो वाळत आला होता म्हणून त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं आणि बाटली ओट्यावरच्या सावलीला सरकवली.