कपाळाकडे निघालेला हात

"कपाळाले हात लावू नोको, सूनबाई. कपाळ कुंकवासाठी असते." लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला सासूबाई असं बोलल्या आणि मी त्याचंच व्रत धरलं. सत्तावीस वर्षं पाळलं. त्या संध्याकाळी मात्र हात निघालाच.

माझी सून अर्पिता ओसरीवर येरझारा घालत इंग्रजीचे वाक्प्रचार घोकत होती. दुसऱ्या दिवशी मारेगावला बारावीचा पेपर. डोक्यात राहत नाही म्हणून तिनं घरच्यांनाच कामाला लावलं होतं. 'थ्रो अप युवर हँड्स' म्हणजे मामाजी, म्हणजे तिचे सासरे. कापसाच्या बोंडात गुलाबी अळी दिसली की दोन्ही हात आभाळाकडे. 'रिंग युवर हँड्स' म्हणजे शेजारच्या नलूबाई, सदा हात चोळत बसलेल्या. 'टेअर युवर हेअर' म्हणजे तिचा नवरा, आमचा पियुष, वणीच्या रस्त्यात कोळशाचा ट्रक अडकला की केस उपटणारा.

"अन् मी?"

"तुमच्यावर एकही बसत नाई, आई. तुम्ही हातच हलवत नाई!"

हसलो दोघी. तेवढ्यात हे वावरातून आले. फेब्रुवारीचं आभाळ काळंभोर झालं होतं.

"मजूर नाई येत म्हनते. किडक्या कापसानं आंग खाजते म्हने. उद्या गारा पडल्या त उरलंसुरलंही मातीत. अर्पिता, सकाळी तू चाल वेचाले."

"मामाजी, माहा पेपर..."

"पेपर पुढच्या साली बी येते. गारा थांबतीन काय तुह्यासाठी?" आणि दोन्ही हात वर.

अर्पितानं माझ्याकडे पाहिलं. कळंबच्या चिंतामणी गणपतीपुढं मीच तिला शब्द दिला होता, लग्नापायी तुझी बारावी अडणार नाही. माझा हात कपाळाकडे निघाला. अर्ध्यातच थांबला, पण जीव काही थाऱ्यावर येईना. भाजीत मीठ दोनदा पडलं.

रोज सकाळी तुळशीपुढं बसून अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं करते. त्या सकाळी तुळशीला नुसतं पाणी घातलं. देव काही पाटावर बसलेल्याचंच ऐकत नाही. अर्पिताचं हॉलतिकीट तिच्या डब्याशी ठेवलं. गुडघ्यापायी तीन वर्षं वावरात गेले नव्हते. खुंटीवरची कापूस वेचायची ओटी काढून कमरेला बांधली.

"तू कुठी चालली?" यांनी विचारलं.

"तिच्या वाटचं मी वेचते. तिले नवाच्या बसनं जाऊ द्या."

"अन् गुडघा?"

मी चपला घातल्या, पहिलं आवर्तन ओठांतल्या ओठांत धरलं आणि वावराच्या वाटेला लागले.