खांबाला बांधलेली शेळी

सोनपेठच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवणारे मास्तर दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले ते परतलेच नाहीत. हेडमास्तर व्यंकटरावांनी दोन आठवडे वाट पाहिली आणि मग तो तास प्रभावतीच्या गळ्यात घातला. प्रभावती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. कॉलेजात इंग्रजी कवितेचा तास चालू असला की ती मागच्या बाकावर बसून प्रयोगवही पुरी करायची.

"बी.एस्सी. इंग्रजीतूनच झालात ना?" व्यंकटराव म्हणाले. "मग झालं तर. बारा तारखेला मुआयना आहे. तपासणीचे साहेब हाच तास बघणार आहेत."

शाळेला प्रयोगशाळा नव्हती. सहा महिने प्रभावती फळ्यावर खडूने ऑक्सिजनचे बुडबुडे काढत होती आणि मुलं ते मोजून वहीत उतरवून घेत होती. तराजू, परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे मिळावेत म्हणून तिने जूनमध्येच दरखास्त दिली होती. मुआयन्याला येणारे साहेब त्या दरखास्तीवर शिफारस लिहिणार होते. शिफारस झाली नाही, तर पुढच्या वर्षी नववीचं विज्ञान बंद, आणि त्याबरोबर प्रभावतीही परत परभणीला.

शिकवायची कविता होती वेस्ट इंडीजमधल्या कुठल्याशा बेटावरच्या कवीची. त्या बेटावर उसाच्या फडांमध्ये एक खेडं असतं. सरकार तिथे विजेचा खांब आणून रोवतं, पण तार काही येत नाही. वर्षभर तो खांब नुसताच उभा. एक म्हातारी रोज त्याला आपली शेळी बांधते. मग एका संध्याकाळी तार येते, दिवा लागतो. कोणी पळतं, कोणी हात जोडतं, दुकानदार दाराला आतून कडी लावतो. शेवटच्या ओळीत शेळी मान वर करून दिव्याकडे बघते आणि चघळत राहते.

पुस्तकाच्या शेवटी टिपा होत्या. प्रभावतीने त्यातली टीप वाचून दाखवली: शेळी हे खेड्याच्या अज्ञानाचं प्रतीक आहे.

वर्गातली निम्मी मुलं धनगरांची. ती एकमेकांकडे बघू लागली.

"बाई, प्रतीक म्हंजी काय?" रायभानने विचारलं.

"एक वस्तू दाखवायची आणि तिच्यावरून दुसरी समजायची."

"मग शेळीच दावली तर शेळीच समजावी की." रायभान उभाच राहिला. "आन् भ्यालेली शेळी रवंथ करत न्हाई, बाई. कुत्रं दिसलं की तिचं तोंड बंद. ही चघळायलीय म्हंजी तिला त्या खांबाची सवय झालती."

"सवय झाली होती, याला पुरावा काय?"

विचारून झाल्यावर प्रभावतीच्या लक्षात आलं, की पुरावा टिपेतही नाही. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. सकाळी ती रायभानच्या आजीच्या, बानूबाईच्या वाड्यावर गेली. बानूबाई शेळी पिळत होती.

"दोन शेळ्या हव्या होत्या. कविता शिकवायचीय," प्रभावती म्हणाली.

बानूबाईचा हात थांबला. "शेळ्यांना?"

"मुलांना."

"मंग पोरं हायेत की तुमच्याकडं."

प्रभावतीने सगळं समजावून सांगितलं. बानूबाईने शांतपणे ऐकून घेतलं. दूध आपलं आणि शेळ्यांना चारायच्या बाभळीच्या शेंगा शाळेच्या, एवढी अट तिने घातली.

नववीचा वर्ग माळवदाच्या खोलीत भरायचा. खोलीच्या मधोमध लाकडी खांब होता. भजनी मंडळाची गॅसबत्ती मागून आणून प्रभावतीने ती खांबाच्या वरच्या खुंटीला लटकवली, न पेटवता. चांदी नावाची शेळी रोज तिच्याखाली बांधायची, आठ दिवस. तांबडी बानूबाईकडेच राहील आणि एकदम शेवटच्या दिवशी येईल. मुलांनी दिवसातून तीन वेळा चांदीचं चघळणं मिनिटभर मोजायचं आणि तक्त्यात भरायचं.

व्यंकटराव रोज दारात येऊन चांदीकडे बघायचे. "प्रभावतीबाई, मुआयन्याच्या आधी हे उठेल ना?"

"अकरा तारखेला संपतंय, सर."

पण दहा तारखेला बत्तीची जाळी फाटलेली निघाली. नवी जाळी परभणीहून मागवावी लागली. कंडक्टरने ती बाराच्या सकाळच्या गाडीने आणून दिली. साहेब त्याच गाडीतून उतरले.

साहेब वर्गाच्या दारात आले तेव्हा आत अंधार होता. खिडक्यांना पोती लावलेली. तीस मुलं वह्या उघडून गप्प बसलेली. मधल्या खांबाला दोन शेळ्या, शेजारी काठी टेकून बानूबाई, आणि हातातल्या घड्याळाकडे बघत उभी असलेली प्रभावती.

साहेबांनी व्यंकटरावांकडे पाहिलं. व्यंकटरावांनी जमिनीकडे पाहिलं.

"हा इंग्रजीचा तास?"

"हो साहेब," प्रभावती म्हणाली.

"मला विज्ञानाचा वाटला."

"पद्धत विज्ञानाची आहे, साहेब. प्रश्न इंग्रजीचा आहे."

साहेब खुर्चीवर बसले. प्रभावतीने बत्तीला पंप मारला आणि काडी लावली. बत्ती सूं करत भडकली, खोली पांढरीफेक झाली. तांबडीचं तोंड जागच्या जागी बंद पडलं. मग तिने एकच हिसडा दिला, दावं तोडलं आणि साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. चांदीने मान वर केली. बत्तीकडे बघितलं. क्षणभर जबडा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"अठ्ठावन्न," मिनिट संपल्यावर मुलं म्हणाली.

"तांबडी?"

"शून्य."

साहेबांनी खुर्चीमागे हात घालून तांबडीला आपल्या कोटाच्या टोकापासून दूर केलं. "निष्कर्ष काय?"

कोणी बोलायच्या आत बानूबाईच म्हणाली, "त्यात काय निष्कर्ष, सायेब? वरीसभर खांब उगं हुबा व्हता. म्हातारीनं त्याला कामाला लावला. आदी तो शेळीचा झाला, मंग सरकारचा. आपल्याच दावणीला शेळी कशाला भील?"

आठ दिवसांच्या आकड्यांतून प्रभावतीला एवढं सरळ काही सुचलं नव्हतं.

साहेबांनी पुस्तक उघडून टीप काढली. "इथे अज्ञान छापलंय. परीक्षेत हेच विचारतील. तुमच्या शेळीपायी मुलांचे गुण जायला नकोत. आत्ता माझ्यासमोर हे उत्तर लिहून द्या त्यांना. मग तुमची दरखास्त बघू."

व्यंकटराव मागून हळूच म्हणाले, "लिहून द्या, बाई." मुलांनी पेन्सिली उचलल्या. प्रभावतीला डोळ्यांपुढे तराजू दिसत होता, काचेच्या पेटीतला, पितळी पारड्यांचा.

"लिहा," ती म्हणाली. "पुस्तकातल्या टिपेप्रमाणे शेळी हे अज्ञानाचं प्रतीक आहे." साहेबांनी मान डोलावली. "पूर्णविराम. बारा तारखेच्या प्रयोगात मात्र तसं आढळलं नाही."

व्यंकटरावांनी डोळे मिटले.

साहेब उठले. त्यांनी रायभानची वही घेतली आणि बत्तीखाली धरली. आठ दिवसांचा तक्ता रेघा मारून आखलेला होता. त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं. तिथे आकडा नव्हता. 'गुरुवार, दुपार. चांदी झोपली. मोजता आलं नाही,' असं लिहिलेलं.

"इथे अंदाजाने आकडा का नाही घातला?"

"जे मोजलं न्हाई ते लिव्हायचं न्हाई, बाईंनी सांगितलंय," रायभान म्हणाला.

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग दरखास्त मागवून घेतली, खुर्चीमागेच उभ्या असलेल्या तांबडीला वळसा घालून टेबलाशी गेले आणि उभ्याउभ्याच लिहिलं. प्रयोगाच्या साहित्याची शिफारस आहे. खाली आणखी एक ओळ: शेळीबाबतचा निष्कर्ष एकाच प्रयोगावर आधारलेला असल्याने तूर्त तात्पुरता समजावा.

साहेब गेल्यावर व्यंकटरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि ते घटाघटा पाणी प्यायले. प्रभावतीने एकदाच वाचला. शेरा अगदी बरोबर होता.

"बानूबाई," ती म्हणाली, "सोमवारी शेळ्या मिळतील का?"

"किती?"

"निदान सहा."

बानूबाई तांबडीचं तुटलेलं दावं गाठ मारून बघत होती. "देते," ती म्हणाली. "पन पुढची कविता कोंबडीवर घ्या, बाई."