आतली काच

आयुष्यात पहिल्यांदाच चष्मेवाल्याला कोणीतरी काच विकत होतं, आणि ते त्याला मुळीच रुचत नव्हतं. त्याचा सगळा जन्म लोकांच्या नाकांवर चष्मे बसवण्यात गेला होता. आणि आता बर्फावर घसरायच्या खेळाचं सामान विकणारी ही बॉयकटवाली बाई त्यालाच काचेबद्दल शहाणपण शिकवत होती.

"काळी काच दिसायला झकास असते, सगळे तीच मागतात," ती म्हणाली. "पण ढग आले की खालचा बर्फ आणि वरचं आकाश सारखंच दिसायला लागतं. समोरचा खड्डासुद्धा कळत नाही. नवीन शिकताय ना, मग फिकी गुलाबी घ्या. आणि चष्मा आहे तुम्हाला, तेव्हा आत जागा असलेलाच गॉगल लागेल."

"ठाऊक आहे. माझा धंदाच आहे तो," तो म्हणाला. खरं म्हणजे त्याला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं.

पण निवडायला बसला तो मात्र अगदी मन लावून. हेल्मेट चढवून कपाळावर फट राहते का ते पाहिलं. कडेचा फोम गालांवर नीट टेकतो का, चष्म्याच्या काड्या कानशिलाला रुततात का, वर हवेला भोकं आहेत का, सगळं तपासलं. इतके गॉगल चढवले आणि उतरवले की बाई कंटाळून फळीवर हातमोजे मांडायला निघून गेली. तिला काय माहीत, त्याला गॉगलचं नव्हे, लेकीचं पडलं होतं.

लेक गेली पाच वर्षं आईकडे आणि आईच्या नव्या नवऱ्याकडे राहत होती. त्या नवऱ्याला ती काका म्हणायची. काका तिला दर थंडीत डोंगरावर न्यायचे, आणि पोरगी आता उतारावरून सुसाट उतरायची. चष्मेवाल्याच्या वाट्याला यायची ती महिन्याकाठी एखादी दुपार, हॉटेलातलं टेबल आणि "अभ्यास काय म्हणतो?" एवढंच. मागच्या भेटीत दोघांची चांगलीच जुंपली होती. तेव्हा ती तणतणत म्हणाली, "मला काय आवडतं ते तू कधी बघायला तरी येतोस का? ये ना एकदा डोंगरावर. मी शिकवते तुला. जमलं तर दर थंडीत आपण दोघंच जाऊ, काकांना मी सांगेन."

'आपण दोघंच' हे शब्द त्याने तेव्हापासून उराशी धरले होते. जमलं पाहिजे, बस्स.

गॉगल पिशवीत घालताना बाई म्हणाली, "एक लक्षात ठेवा. आतली काच पुसायची नाही. वाफ धरू नये म्हणून तिच्यावर थर दिलेला असतो, धुऊन पुसलं की गेला तो. बर्फ आत गेलाच, तर झटका आणि वाळू द्या."

"हो, हो," तो म्हणाला. चष्मा शर्टाला पुसू नका असं त्याने सांगितलं की त्याची गिऱ्हाइकंही अगदी असंच "हो, हो" म्हणायची.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने गॉगल बाहेर काढला, तर आतल्या बाजूला बोटाचा ठसा. पुढचं सगळं हातांनीच केलं, डोक्याला त्यांनी विचारलंच नाही. साबणाचा थेंब, कोमट पाणी, मऊ फडकं, आधी बाहेरून, मग आतून. काच लख्ख झाली. दिव्यासमोर धरून त्याने ती कौतुकाने पाहिली आणि बॅगेत ठेवली.

डोंगरावर ढग होते. लेकीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अरे वा, गॉगल बरोबर निवडलास की. कोणी सांगितलं?"

"मीच निवडला." त्याला बरं वाटलं. इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"चल मग. गुडघे वाकव. पायातल्या फळ्यांची पुढची टोकं जवळ आण, मागून फाकव."

तो पडला, उठला, पुन्हा पडला. उठता उठता धाप लागली, आणि त्या धापेची वाफ गॉगलच्या आत जाऊन बसली. आधी कडा धुरकट झाल्या, मग मधली जागाही गेली. पहिल्याच उतारावर कसली कुरकुर करायची?

"माझ्या मागोमाग ये," ती पुढून म्हणाली. आवाज आला त्या दिशेला तो निघाला. एका बाईने आपलं मूल खसकन बाजूला ओढलं, आणि हा थेट कुंपणाच्या जाळीत जाऊन अडकला.

लेक वळून आली. तिने त्याचा गॉगल काढून उजेडाकडे धरला.

"आतून पुसलास?"

"नाही गं."

"बाबा."

"थोडंसं. डाग होता."

आता ती भडकणार म्हणून तो तयार राहिला. तिचा वाढदिवस विसरला तेव्हा तिने फोन आपटला होता, उशिरा आला तेव्हा ताट टाकून उठून गेली होती. तिने ओरडायचं, याने गयावया करायची, मग पुढची भेट ठरायची. दोघांचं असंच चालत आलं होतं.

"असू दे, होतं असं," ती म्हणाली. त्याच्या मिशीवरचा बर्फ तिने हलकेच झटकला, कोपराला धरून त्याला सावकाश खाली आणलं आणि उपाहारगृहात हीटरजवळ बसवलं. सूप आणलं, फुंकर घालून पुढे सरकवलं.

"दुसरा गॉगल भाड्याने मिळेल," तो म्हणाला. "परत बघतो ना मी."

"राहू दे, बाबा. पडलास बिडलास म्हणजे? काका वर आलेत, मी एक-दोन फेऱ्या मारून येते. तू बस निवांत."

"आणि पुढच्या थंडीत?"

"पुढच्या थंडीत कशाला एवढा लांब दमत येतोस? मीच चक्कर टाकेन तुझ्याकडे." तिने त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, जरा लांबच्या नात्यातल्या म्हाताऱ्याची ओढावी तशी. "संपव हं ते सूप. गार होईल."

ती गेली. तिने एक शिवी हासडली असती तरी चाललं असतं, त्याला वाटलं. रागावायची तेव्हा तिला त्याच्याकडून काहीतरी हवं तरी असायचं. आज तिला काहीच नको होतं, आणि ते आता उमगून उपयोग नव्हता. सूप गार झालं होतं. तरी त्याने ते संपवलं, कारण संपव म्हणून ती सांगून गेली होती.